ओडेटचे हात

विनिपेगच्या एका सुपरमार्केटात माझ्या लेकीच्या मदतनीस कुत्र्याची, बीव्हरची, शेवटची परीक्षा चालली होती. ओडेट सव्वीस वर्षांची, ऑटिस्टिक. घाबरली की तिचे हात फडफडतात, तेव्हा बीव्हरनं तिच्या पायांवर अंगाचा भार टाकायचा. परीक्षक कोवलचुकबाईंनी मुद्दाम तिच्या मागे ट्रे आपटला. हात फडफडले, बीव्हर लगेच तिला रेलला. बाई खूश.

पुढच्या वळणावर ओडेटचे हात पुन्हा फडफडले. हा पठ्ठ्या नुसता शेपटी हलवत उभा!

"इथं चुकला बरं का तुमचा कुत्रा," बाईंनी कागदावर शेरा लिहिला.

"चुकला कसा?" ओडेट जवळजवळ नाचत होती. "अहो, ते बघा, माझं न्याहारीचं दालचिनीचं सिरियल! तीन वर्षं बंद होतं, परत आलं! घाबरलंय कोण इथं? त्याला कळलं, तुम्हाला कसं कळत नाही?"

बाईंनी हसून शेरा खोडला.

माझी बोटं मात्र सवयीनं केव्हाच तिच्या मनगटांवर गेली होती. सव्वीस वर्षं मी तिचे हात असेच धरत आले, ती घाबरली तरी आणि आनंदली तरी. मी ते सोडले, आणि मग माझेच फडफडवले.

बीव्हरनं माझ्याकडे बघितलं आणि नुसती शेपटी हलवली.