दाखवलेलं दार

मूकपटातल्या पात्रांना पडद्याशेजारी उभं राहून बोलतं करावं ते ओसाकात उमेतारोंनीच. त्यांच्या जिभेवर वाणीची देवी बेंझाइतेन नांदायची. मी शामिसेनच्या तारा छेडत साथीला असे. थिएटरमालक कुरोइवा त्यांचे थोरले भाऊ. गरीब मुलीशी लग्न केलं म्हणून कुरोइवांनी पोटच्या पोराला घराबाहेर काढलेलं. त्या दिवशी पडद्यावरही तसाच विलायती गिरणीवाला मुलाला बोटाने दार दाखवत होता. "बापाला कडक बोलू दे," मालकांनी आधीच बजावलेलं, "नाहीतर तूही चालता हो." "अरे, बाहेर बर्फ पडतोय," उमेतारो बापाच्या आवाजात म्हणाले, "जा, सुनेला आत घेऊन ये." पडद्यावरचा मुलगा बाहेर धावला. तेच बोट, पण माया केवढी! अख्खं थिएटर रडलं. खेळ सुटल्यावर मालक जवळ आले. "फार शहाणा झालास." "तुमचाच भाऊ, दादा." "तिचं नाव काय?" "कुणाचं?" "माझ्या सुनेचं. हाक कशी मारू?"