सहावीची संयुक्त वाक्यं

“एवढी पाचच मिनिटं, मॅडम. पोरांचं ऐकून जा,” असं म्हणत मुख्याध्यापक संगप्पा सरांनी श्रद्धाच्या हातातली पिशवी स्वतःच खुर्चीवर ठेवली.

अनंतरावांचं शाळेतलं सगळं सामान त्या एका पिशवीत मावलं होतं. छत्री, चष्म्याचं घर, रंगीत खडूंचा डबा, मफलर. कंधारजवळच्या या शाळेत तिचे वडील बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. तेरावा होऊन आठवडा झाला होता. सामान मिळाल्याची पोच लिहून द्यायची आणि साडेतीनच्या बसनं लातूरला परतायचं, असं तिनं ठरवलं होतं.

त्याआधी तिनं एकच गोष्ट विचारली होती. गेल्या वीस दिवसांत ती तिनं शेजारणीला विचारली होती, दूधवाल्याला विचारली होती, औषधाच्या दुकानातही विचारली होती. बाबांनी दुखण्याचं कुणाला काही सांगितलं होतं का?

“न्हाई हो,” संगप्पा सर म्हणाले होते. “आदल्या दिवशीसुदिक सगळे तास घेतले. आमाला काहीच पत्ता न्हाई.”

नांदेडच्या डॉक्टरचे रिपोर्ट गादीखाली सापडले होते. तारीख पाच महिन्यांपूर्वीची. दर रविवारी ती फोन करायची आणि दर रविवारी ते म्हणायचे, “मी बरा आहे. तुझं कसं चाललंय?” प्रत्येकाचं ‘नाही’ ऐकून तिला वाईट वाटायचं, आणि आतून थोडं हलकंही. कुणालाच सांगितलं नाही. म्हणजे एकट्या तिलाच टाळलं, असं नव्हतं.

“सरांच्या कन्या म्हनून सांगत न्हाई बरं का. पोरं रडत बसतील,” व्हरांड्यात संगप्पा सर हळूच म्हणाले. वर्गात शिरल्यावर त्यांनी आवाज चढवला. “ह्या इंग्रजीच्या मोठ्या मॅडम. मास्तरांना शिकवतात. नीट म्हणायचं!”

त्यात खोटं काही नव्हतं. इंग्रजी कसं शिकवावं याचं प्रशिक्षण ती शिक्षकांना द्यायची. मागच्या उन्हाळ्यात नांदेडला तिनं घोकंपट्टीची नक्कल करून दाखवली होती. एकानं सांगायचं, चाळीस जणांनी ओरडायचं, आणि अर्थ एकालाही ठाऊक नाही. सभागृह पोट धरून हसलं. शेवटच्या रांगेत बसलेले अनंतरावही हसले. नक्कल त्यांचीच होती. लहानपणापासून तिच्या कानात बसलेली.

संध्याकाळी बसस्टँडवर चहा पिताना ते म्हणाले, “हेल झकास जमला तुला. पण एकदा माझ्या वर्गात येऊन ऐक.”

“येईन की,” ती म्हणाली.

पुढं फोनवरही त्यांनी दोनतीनदा आठवण केली. या वर्षी संयुक्त वाक्यं घेतोय, पोरं छान म्हणतात, ऐकायला ये. दरवेळी तिचं कुठलं ना कुठलं प्रशिक्षण निघालं.

“चला, दोन वाक्यं जोडून दाखवा मॅडमना,” संगप्पा सर म्हणाले. पहिल्या बाकावरची दीपमाला उठली. तिनं सांगायचं, वर्गानं म्हणायचं, अशी रीत दिसत होती.

“द बस इज लेट, बट वुई आर नॉट लेट!”

“इट इज हॉट, सो वुई सिट अंडर द ट्री!”

तोच हेल. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोच झोका. श्रद्धा सवयीनं बोटांवर चुका मोजू लागली.

“आय हॅव अ पेन इन माय चेस्ट, बट आय कम टू स्कूल!”

शेवटचा ट पोरं गिळतात. तीन.

“द डॉक्टर इन नांदेड इज यंग, बट ही इज राइट!”

तिचं बोट चौथ्या पेरावर थांबलं.

“माय डॉटर इज इन लातूर, अँड शी इज व्हेरी बिझी, सो आय से आय अ‍ॅम फाइन!”

माझी मुलगी लातूरला असते, तिला फार कामं असतात, म्हणून मी बरा आहे असं सांगतो. चाळीस पोरांनी ते झोका देऊन, खणखणीत म्हटलं.

संगप्पा सरांनी टाळ्या वाजवल्या. “बघा! एक शब्द चुकत न्हाई. सरांसारखं इंग्रजी आमच्यात कुणाला येतंय? पोरं रोज ओरडायची, आमी शेजारच्या वर्गात बसून आयकायचो. म्हनलं, चाललंय कायतरी चांगलं.”

प्रशिक्षणात ती शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारायला लावायची. तोच तिच्या तोंडून निघाला.

“याचा अर्थ... कुणाला कळतो का?”

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि माना खाली घातल्या.

“अर्थाचं काय घेऊन बसलात, मॅडम,” संगप्पा सर हसले. “पाठ हाय हेच लई झालं.”

“कळतोय की,” दीपमाला म्हणाली. संगप्पा सरांचं बोलणं तिला लागलेलं दिसलं.

“मग सांग ना,” श्रद्धा म्हणाली.

“न्हाई सांगायचा. सरांनी शपथ घातली हाय. अर्थ आपल्या वर्गातच ठेवायचा, भायेर कुणाला बोलायचं न्हाई. वाक्यं तेवढी रोज म्हनायची. सर नसले तरी म्हनायची, इसरायची न्हाई.”

“कशासाठी?”

एवढ्या मोठ्या मॅडमना एवढंही कळू नये, याचं दीपमालाला नवल वाटलं असावं.

“सरांच्या लातूरच्या ताई येनार हायेत की एक दिवस, ऐकायला,” ती म्हणाली. “त्यांना अर्थ सांगावा लागत न्हाई, म्हनले सर. त्यांना इंग्रजी येतं.”