अजून एकदा

औषध कंपनीच्या साठ्याची माहिती आजपासून बाहेरच्या दुकानदारांनाही ऑनलाइन दिसणार होती. व्यवस्था तिनेच लावलेली, त्यामुळे तिची नजर स्क्रीनवरून हलत नव्हती. दुपारी एक दुकान एकाच इंजेक्शनची सारखी चौकशी करू लागलं. दर वेळी उत्तर जायचं, ‘शिल्लक नाही’. कोणी सिस्टीममध्ये घुसायला बघतंय की काय? त्या दुकानाचा प्रवेश बंद करायला तिचा हात गेला, पण कुतूहल स्वस्थ बसू देईना. तिने फोन लावला.

“तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय का हो?”

“नाही मॅडम,” दुकानदार हळू आवाजात म्हणाला. “समोर एक बाई बसल्यात. मुलासाठी हवंय. म्हणतात, अजून एकदा विचारून बघा.”

बाहेरच्यांपासून झाकलेला राखीव साठा तिने उघडून पाहिला. मग फोन चालूच ठेवून परवानगीसाठी साहेबांकडे धावली. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

“आता विचारा,” ती म्हणाली.