मळ्यातलं जळकं

पानमळ्याच्या बांधावर चपला काढून राजमती अनवाणी आत निघाली, तेव्हा सासऱ्यांनी तिच्या डोक्यावरची पाटी अडवली. पाटीत शेवरीच्या फांद्या खड्ड्यात कोंडून जाळून केलेला, शेणकाल्यात भिजवलेला कोळसा होता.

"मसणवटा उचलून आणलास व्हय गं?"

"बायोचार म्हणतात त्याला, अण्णा. मातीत घातला की मूळकूज आटोक्यात राहते."

"देवाच्या मळ्यात जळकं? तुझ्या कडेच्या सऱ्यांत काय ती होळी कर. माझ्या वेलींपाशी फिरकू नको. आन् औंदा वेलींची मर थांबली न्हाई, तर मळा मोडून ऊस लावणार."

तेव्हापासून गल्लीत तिला सगळे 'कोळसेवाली' म्हणू लागले. या नावाचं बारसं अण्णांनीच केलं होतं.

पावसाळा सरला. अण्णांच्या वेली एकेक करून माना टाकू लागल्या. राजमतीच्या सऱ्यांत मात्र पानं तळहाताएवढी झाली.

"तिकडं सावली चांगली हाय," अण्णांनी निदान केलं.

मग एका सकाळी 'उसाचं बेणं बघून येतो' म्हणून ते बाहेर पडले, ते दिवेलागणीला परतले आणि थकून बाजेवर आडवे झाले. राजमती पाण्याचा तांब्या घेऊन आली. समोर त्यांचे तळपाय होते, काळेकुट्ट. मळ्यात चप्पल न घालण्याचा नियम त्यांनी तेवढा पाळला होता.

"मिळालं का बेणं, अण्णा?"

अण्णांनी पाय धोतरात ओढले.

"खड्ड्यातला माल संपलाय."

"मसणवटा?"

"बायोचार म्हणत्यात त्याला," अण्णांनी तिला समजावलं. "उद्या शेवरी तोडून देतो."