बाबांची कंबर

हाडांच्या विभागाचे प्रमुख असलेले बाबा कंबर धरूनच लेकीच्या दवाखान्यात शिरले. लेक कायरोप्रॅक्टर, हातांनी मणके मोकळे करणारी. बाबांच्या लेखी ते सगळं थोतांड. त्यांच्या हॉस्पिटलात अशा उपचारांना जागा द्यायची की नाही, हे उद्या त्यांच्याच मतावर ठरणार होतं.

तिने त्यांना कुशीवर निजवलं आणि कंबरेला नेमका झटका दिला. कटकन आवाज झाला. बाबा उठले, चार पावलं चालून आले.

"खरं सांगा हं बाबा. फरक पडला?"

"एकदम बरं वाटतंय, डॉक्टर."

विश्वास ठेवावा की नाही, तिला कळेना. लहानपणी ती खेळण्यातला स्टेथोस्कोप लावायची, तेव्हाही बाबा अगदी याच आवाजात बरे व्हायचे.