कोरडं फडकं

मोटारी रंगवण्यात त्यांचा जन्म गेला आणि थिनरच्या वाफांनी नाक कायमचं निकामी झालं. घरची लाल स्पोर्ट्स कार तर जुनी. तिची एखादी नळी चिरून पेट्रोल तापल्या इंजिनावर ठिबकलं, की गाडी पेटलीच म्हणायची. म्हणून किल्ली फिरवण्याआधी ते बायकोला वास घ्यायला बोलवत. ती खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत येई, बॉनेटमध्ये पार वाकून बघे आणि म्हणे, “नाही हो येत वास. काढा माझ्या सवतीला बाहेर.”

ती गेली आणि गाडीवर खोळ चढली.

आज लेक म्हणाली, “बाबा, एक चक्कर मारू या ना.”

“वास कोण घेणार? तुझ्या आईसारखं नाक आहे का कुणाला?”

लेक जरा घुटमळली. “आईला तरी कुठे येत होता वास? त्या मोठ्या तापात तिचंही नाक गेलं. हे कळलं तर तुम्ही गाडी विकून टाकाल, म्हणून तिने मला बोलू दिलं नाही.”

“मग एवढं वाकून काय करायची ती?”

“एकेक नळी फडक्याने पुसून बघायची. कोरडं निघालं तरच तुम्हाला गाडी काढा म्हणायची.”

खिळ्यावर तिचं फडकं अजून तसंच होतं. त्यांनी बॉनेट उघडून एकेक नळी पुसली. फडकं कोरडं निघालं.

 

मग ते त्यांनी नाकाशी धरलं, आणि आपल्याला वास येत नाही याचं त्यांना पहिल्यांदाच रडू आलं.