उतरलेला भाव

पेट्रोल-डिझेल उतरल्याची बातमी मोबाईलवर मोठ्याने वाचत वाल्मीकशेठ नाशिकच्या द्वारका चौकात चांदवडच्या जीपमध्ये चढले. त्यांचा चांदवडच्या स्टँडवर भज्यांचा गाडा. "दत्तू, आता भाडं उतरव. डिझेल चढलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी वाढवलं होतंस."

ड्रायव्हर दत्तूने मागे वळूनही पाहिलं नाही. "उतरवतो ना शेठ. कांदा पडला तेव्हा तुम्ही भज्यांची प्लेट जेवढी उतरवली, तेवढंच उतरवतो."

जीप हसली. वाल्मीकशेठनी मोबाईल खिशात घातला. "बेसन महाग आहे रे. तेल महाग आहे."

"मग माझे टायर काय फुकट येतात?"

मागच्या सीटवरच्या लंकाबाई सकाळीच बाजार समितीत कांदा विकून घरी निघाल्या होत्या. काही न विचारता त्यांनी नेहमीचंच पूर्ण भाडं पुढे केलं.

"मावशी, तुम्ही नाही भांडत?" दत्तूने आरशातून विचारलं.

"काय भांडू बाबा? उतरलेला भाव लय वेळा आलाय आमच्या दारात. तिथनं पुढं कुणाकडं गेलेला मी तरी नाय पाहिला. काढ गाडी."